संबळाला क्लिक चालत नाही

कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये, नीरा-बारामती रस्त्यापासून जरा आत, माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना गाद्या आणि जुन्या गोधड्या, खिडकी कायमची बुजवलेली. टेक सुरू झाला की पंखा बंद करावा लागतो, नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये येते. त्यामुळे उन्हाळ्यात गाणारा घामाघूम आणि मीही. कामाचं वर्ष ठरलेलं असतं. आषाढीच्या आधी भजनी मंडळं अभंग घेऊन येतात. गणपतीच्या आधी मंडळांची गाणी आणि मिरवणुकीचे मिक्स. दिवाळीनंतर लग्नं, म्हणजे नवरदेवाच्या एंट्रीचं संगीत. चैत्र-वैशाखात जत्रा. आणि मध्येच कुठली निवडणूक लागली, मग ती ग्रामपंचायत असो, विकास सोसायटी असो की साखर कारखाना, तर रात्री उशिरा फोन येतो, "दादा, पॅनेलचं गाणं उद्या सकाळी रिक्षावर वाजलं पाहिजे."

हे सगळं मी वर्षानुवर्षं एफएल स्टुडिओवर करत आलो. आमच्या पट्ट्यात डीजेचं काम करणारी जवळजवळ सगळी पोरं याच सॉफ्टवेअरवर वाढली. काहीजण अजून त्याला जुन्या नावानं फ्रूटी लूप्सच म्हणतात, जरी ते नाव २००३ मध्येच बदललं. इमेज-लाइन या बेल्जियन कंपनीनं १९९७ च्या अखेरीस ते काढलं तेव्हा ते एक साधं ड्रम मशीन होतं. पडद्यावर चौकोनांची ओळ, हव्या त्या चौकोनावर टिचकी मारायची, की ठेका तयार. नोटेशन यायला नको, कीबोर्ड वाजवता यायला नको. बारावी नापास झालेला पोरगा एका दुपारीत 'धम चिक' करू शकतो, यातच त्याच्या प्रसाराचं कारण आहे. क्यूबेस किंवा प्रो टूल्स उघडल्यावर समोर रिकामा लांबलचक पट्टा येतो आणि आता करायचं काय हे कळत नाही. एफएल उघडल्यावर हात आपोआप चौकोनांकडे जातो.

शिवाय त्याचा पियानो रोल. सूर लिहायची ती खिडकी मी इतर चार-पाच सॉफ्टवेअरमध्ये बघितली, पण एफएलच्या तोडीची मला एकही वाटली नाही. आणि एकदा पैसे भरले की पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट, हा त्यांचा शब्द त्यांनी इतकी वर्षं पाळलाय. (आमच्याकडे पैसे न भरताच पेनड्राइव्हवरून घेतलेली आवृत्ती चालवणारे जास्त, त्यांना या शब्दाचं कौतुक असायचं कारण नाही.) एकच मेख: सगळ्यात स्वस्त आवृत्तीत आवाज रेकॉर्ड करता येत नाही, त्यासाठी वरची प्रोड्यूसर आवृत्ती घ्यावी लागते. मी तीच घेतली होती.

मग बदलायचा विचार आलाच का?

या धंद्यात सॉफ्टवेअर बदलायची खाज प्रत्येकाला अधूनमधून सुटते आणि बहुतेक वेळा ती कंटाळ्यातून आलेली असते. गाणं बसत नाही, आवाज दबलेला येतो, मग वाटतं की सॉफ्टवेअर बदललं की सुटेल. माझ्या मते ते बहुधा खोटं असतं. ढोलकीवाला म्हणतो, "कानात उशिरा ऐकू येतंय." हा उशीर साउंड कार्डच्या बफरमधला. बफर १०२४ सॅम्पलवर असेल आणि रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, तर एकट्या त्या बफरचेच एकवीस मिलिसेकंद होतात, आत यायचा आणि बाहेर जायचा दोन्ही धरला तर त्याच्या दुप्पट. ढोलकी वाजवणाऱ्याला ते सहन होत नाही. तोच आकडा १२८ वर आणला की तीन मिलिसेकंदांच्याही खाली येतो आणि तक्रार मिटते. त्याचा सॉफ्टवेअरच्या नावाशी काही संबंध नाही. तसंच "सैराटसारखं वाजलं पाहिजे" या मागणीचं. २०१६ पासून ती दर महिन्याला कोणीतरी करतंच. अजय-अतुल यांनी त्या चित्रपटाचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला होता. माझ्याकडे गोधड्या लावलेली दहा बाय बाराची खोली. यात कोणतं सॉफ्टवेअर काय करणार?

तेव्हा बदलायचं कारण आवाजाचं नव्हतं. कारण आलं ते कामातून, आणि हळूहळू. मिरवणुकीच्या मिक्सचं काम पातळ होत गेलं. एक तर रात्री दहानंतर स्पीकर बंद, वर्षातले मोजके सवलतीचे दिवस सोडले तर. दुसरं म्हणजे तसले मिक्स आता प्रत्येक गावातला एखादा पोरगा लॅपटॉपवर फुकट करून देतो. उलट भजनी मंडळं, वाघ्या-मुरळी, गोंधळी, हलगीवाले यांचं रेकॉर्डिंग वाढलं. त्यांना आपलं गाणं यूट्यूबवर टाकायचं असतं, पुढची सुपारी त्यावरून येते. म्हणजे जिथं मी आधी पडद्यावर ठेका बनवत होतो, तिथं आता समोर माणूस बसून ठेका वाजवायला लागला.

त्यात एकदा जागरणाचं गाणं करायला एक वयस्क गोंधळी आले. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो. बरोबर तुणतुणं वाजवणारा भाचा. संबळाला दोन माइक लावले, आबांच्या कानाला हेडफोन दिला आणि नेहमीप्रमाणे क्लिक सोडला, म्हणजे ताल धरायला टकटक. अर्ध्या मिनिटात त्यांनी हेडफोन काढला.

"हे काय टकटक करतंय रं?"

"आबा, लय हलू नये म्हणून आहे ते. त्याच्याबरोबर वाजवायचं."

"म्हंजी मी ह्याच्या मागनं जायचं? ह्यानं माझ्या मागनं यावं की."

क्लिक बंद केला. त्यांनी आख्खं गाणं एका दमात वाजवलं. मग आमच्या धंद्यात सगळे करतात तेच मी केलं. त्यातलं सगळ्यात ठसठशीत वाटलेलं एक आवर्तन कापलं, ग्रिडवर, म्हणजे पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांवर, नीट बसवलं आणि गाणंभर पसरवलं. त्यावर बेस टाकला, स्ट्रिंग्ज टाकल्या. चार दिवसांनी आबा ऐकायला आले. शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "हात माझाच हाय. पण एवढा येळ माणूस सारखं सारखं वाजवतो व्हय? देव कधी यायचा मग?"

गोंधळ-जागरणात नमनाला लय संथ असते. एकेक देवाला आवतण देत ती वर सरकते, आणि अंगात येण्याच्या घटकेला संबळ अशा ठिकाणी पोचलेला असतो की सुरुवातीची लय तिथून ओळखूही येत नाही. ही चढण एकाएकी नसते, ती कडव्याकडव्याला थोडी थोडी असते. त्यातही हात एकसारखा पडत नाही. सहाच्या अंगानं झुलणारा ठेका एका आवर्तनात जरा ओढून वाजतो, पुढच्यात जरा धरून. मी त्यातलं एकच आवर्तन घेतलं तेव्हा ही सगळी चढण कापली गेली होती.

आता, एफएलमध्ये हे जमत नाही असं नाही. लय टप्प्याटप्प्यानं वाढवता येते. आवाजाचा तुकडा ताणता येतो. एकाच गाण्यात मध्येच तालाची मात्रासंख्या बदलायची सोय २०१८ च्या विसाव्या आवृत्तीत आली, त्याआधी मी सहाच्या ठेक्यासाठी सोळा चौकोनांतले चार उडवून बाराचं गणित करायचो. पण ही सगळी नंतर आलेली सोय आहे. त्या सॉफ्टवेअरचा मूळ पिंड पॅटर्नचा: एक तुकडा बनव, तो मांड, पुन्हा मांड. हातात जे अवजार असतं तसंच काम माणूस करत जातो. मला आबांचं आवर्तन कापायची बुद्धी झाली ती काही मुद्दाम नव्हे. तिथं कापणं सोपं होतं आणि आख्खा टेक सांभाळणं अवघड.

हलगीचं आणखी वेगळं. चामडं थंड झालं की ढिलं पडतं, म्हणून वाजवायच्या आधी ती जाळावर शेकवतात. माझ्या दारात कागद-काटक्या पेटवून हलगी शेकवली जाते तेव्हा शेजारची वहिनी दर वेळी विचारते की आज कोणाची मिरवणूक. पहिल्या टेकला हलगी टणटणीत बोलते, तिसऱ्या टेकपर्यंत तिचा आवाज उतरलेला असतो. मग पहिल्या टेकचा शेवट आणि तिसऱ्याची सुरुवात जोडायची तर दोन वेगळ्या हलग्या वाटतात. इथं पाच-सहा टेक एकाखाली एक ठेवून, ऐकत ऐकत कोणत्या टेकचा कोणता भाग घ्यायचा हे ठरवावं लागतं, आणि उद्या मत बदललं तर परत मागं जाता यावं लागतं. हे काम ज्यात सहज होतं असं काहीतरी मला हवं होतं.

पर्याय बघायला सुरुवात केली. लॉजिक चांगलं. त्यात २०१८ पासून स्मार्ट टेम्पो नावाची सोय आहे, जी वाजवणाऱ्याची लय ओळखून ग्रिडच त्याच्यामागं नेते. म्हणजे आबांना जे हवं होतं तेच. पण त्याला मॅक लागतो. एबलटन लाइव्ह ही मुळात मंचावर वाजवणाऱ्याची गोष्ट. नवी पोरं तिचं नाव फार घेतात, पण माझ्या कामाशी तिचा संबंध थोडा. क्यूबेस आणि त्याचं मोठं भावंड न्यूएंडो पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत मुरलेलं. त्यात माझा हात थोडा बसलेलाही होता, कारण उमेदवारीच्या काळात मी एका स्टुडिओत त्यावरच केबल गुंडाळत शिकलो. तिथं संगणकापेक्षा जास्त जपली जायची ती यूएसबीला लावायची छोटी किल्ली, डोंगल. ती हरवली तर लाखाचं सॉफ्टवेअर मुकं. स्टाइनबर्गनं २०२२ च्या बाराव्या क्यूबेसपासून डोंगल काढून टाकलं, पण किंमत माझ्या उलाढालीच्या मानानं अजून जडच.

राहिलं रीपर. याचा कर्ता जस्टिन फ्रँकेल. हे नाव ओळखीचं नसलं तरी त्याचं आधीचं काम आपल्याकडे ज्यानं सायबर कॅफेत गाणी ऐकलीत त्या प्रत्येकाला माहीत आहे: विनॲम्प. ते विकल्यावर त्यानं २००५ च्या शेवटी रीपर काढलं. इन्स्टॉल करायची फाइल इतकी लहान की मोबाइलच्या डेटावर चहा होईपर्यंत उतरते. परवाना साठ डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास. वर्षाची कमाई वीस हजार डॉलरच्या आत असणाऱ्याला हा भाव. ती अट वाचून मी बराच वेळ हसलो. कोऱ्हाळ्यात बसून त्या आकड्याच्या वर जायचं तर उसाचं दुसरं क्षेत्र धरावं लागेल. आधी साठ दिवस फुकट वापरा म्हणतात आणि त्या काळात काहीही अडवून ठेवत नाहीत.

दिसायला ते रुक्ष आहे. एफएलचे रंग, हलणारे दिवे, काही नाही. माझ्याकडे शिकायला येणारा पोरगा पहिल्यांदा बघून म्हणाला, "दादा, हे तलाठी ऑफिसातलं वाटतंय."

पण निर्णय चटकन झाला नाही, आणि त्याचं कारण पैसा नव्हता. माझ्या कामाचा एक मोठा भाग जुनी गाणी परत उघडण्याचा असतो. पाच वर्षांपूर्वी केलेलं पॅनेलचं गाणं, आता त्याच चालीवर नवं नाव आणि नवं चिन्ह. मंडळाचं गाणं, त्यात या वर्षीच्या अध्यक्षांचं नाव. बुवांचा अभंग, "तेवढी माझी पट्टी आता काळी चारवरून काळी दोनवर घे, वरचा सूर लागत नाही." अशा वेळी जुनी फाइल जशीच्या तशी उघडावी लागते. ती सगळी एफएलची. ती रीपरमध्ये उघडत नाही, कुठल्याच सॉफ्टवेअरची दुसऱ्यात नीट उघडत नाही. प्रत्येक कंपनीनं आपापलं कुंपण घातलंय. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या दोन कंपन्यांनी मिळून डीएडब्ल्यू-प्रोजेक्ट नावाचा एक खुला साचा काढला, फाइल इकडून तिकडे नेता यावी म्हणून. चांगलं पाऊल आहे, पण एफएल आणि रीपर या माझ्या दोन गावांमध्ये ती एसटी थेट येत नव्हती.

मग मी हिशेब उलटा मांडून बघितला. नाही बदललं तर जुन्या फाइली शाबूत राहतील का? तर तशी खात्री कुठंय. २००२ मध्ये ॲपलनं लॉजिक बनवणारी जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद करून टाकलं. ज्यांचं सगळं काम विंडोजवर होतं ते रात्रीत उघडे पडले. केकवॉक ही तर १९८७ पासूनची कंपनी. तिचं सोनार हे सॉफ्टवेअर वापरणारे आपल्याकडेही पुष्कळ होते. गिटार बनवणाऱ्या गिब्सननं ती घेतली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात तिचं काम थांबवलं. पुढच्या वर्षी बँडलॅबनं ती उचलली म्हणून वापरणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. रीवायर म्हणून एक तंत्र होतं, दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायचं. तेही २०२० च्या अखेरीस त्याच्या मालकानं बंद केलं. २०२३ च्या मार्चमध्ये वेव्ह्ज या प्लगइनच्या कंपनीनं एक दिवस जाहीर केलं की आता विकत मिळणार नाही, फक्त भाड्यानं. जगभरातून एवढा ओरडा झाला की काही दिवसांतच त्यांना पूर्वीची पद्धत परत आणावी लागली. ओरडणाऱ्यांत अर्थात मीही होतो, इथून.

एफएलबद्दल माझी अशी काही तक्रार नाही, त्या कंपनीनं शब्द पाळलाय हे वर म्हटलंच. पण फाइल एफएलची असली तरी तिच्यात वापरलेले प्लगइन दहा ठिकाणचे असतात. जुन्या बत्तीस बिटच्या काळातलं एखादं बासरीचं प्लगइन नव्या संगणकावर उठत नाही, आणि मग फाइल उघडते पण बासरी मुकी. म्हणजे सॉफ्टवेअर बदला वा न बदला, जुनं काम टिकवायचं तर ते सॉफ्टवेअरच्या बाहेर काढून ठेवावंच लागणार होतं.

या टप्प्यावर बदलायचं की नाही हा प्रश्न माझ्यापुरता हलका झाला. पावसाळ्यात कामं कमी असतात, तेव्हा जुनी महत्त्वाची गाणी एकेक करून उघडली. प्रत्येक वाद्याचा, प्रत्येक आवाजाचा वेगळा पट्टा पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत साध्या वेव्ह फाइलमध्ये काढला, चोवीस बिटचा. वेव्ह कुठंही उघडते. सूर लिहिलेले होते ते मिडी म्हणून वेगळे काढले. मिडीचा करार १९८३ चा आहे आणि अजून चालतो. या क्षेत्रात इतकं म्हातारं होऊनही कामावर असणारं दुसरं क्वचितच काही सापडेल. एफएलमधून मिडी काढायची एक आडवाट आहे: मिडी निर्यातीची तयारी करणारी आज्ञा द्यावी लागते, आणि ती दिली की फाइलमधली सगळी वाद्यं काढून टाकली जातात, फक्त सूर उरतात. म्हणून ती आज्ञा नेहमी फाइलच्या नकलेवर द्यायची, मूळ फाइलवर नाही. हे कोणी सुरू करणार असेल तर एवढं लक्षात ठेवावं. फोल्डरला गाण्याचं नाव, पट्टी, लय आणि गावाचं नाव लिहून ठेवलं. बरीच गाणी मी सोडूनही दिली. हरलेल्या पॅनेलची गाणी परत कोण मागायला येणार?

रीपरवर पहिलं खरं काम केलं ते एका भजनी मंडळाचं. सहा टाळकरी, पखवाज, पेटी, बुवा. भजनी ठेक्यातही लय चढते, गजराला ती कुठल्या कुठं जाते, त्यामुळे क्लिकचा प्रश्नच ठेवला नाही. आधी नुसतं रेकॉर्ड केलं. रीपरच्याही माथ्यावर १२० ची लय लिहिलेली असते, पण रेकॉर्डिंगला तिच्याकडे बघायची गरज पडत नाही. मग रात्री बसून प्रत्येक समेवर एकेक खूण घालत गेलो. खूण घातली की ग्रिडची रेघ तिथं सरकते. गाणं संपेपर्यंत आख्खी ग्रिड पखवाजाच्या हातामागं वाकलेली. त्यावर मग तंबोरा आणि मागचं हलकं स्ट्रिंग बसवलं, तेही त्याच चढणीनं चढत गेलं. हे काम किचकट आहे, मान आखडते, आणि कोणी ते फुकट करून मागितलं तर मी आता नाही म्हणतो. पण ते एकदा जमल्यावर आबांचा "ह्यानं माझ्या मागनं यावं की" हा सवाल मला तांत्रिक सवाल म्हणून कळला.

रेकॉर्डिंगच्या रात्रीच एक गंमत झाली होती. गळिताचा हंगाम होता. सोमेश्वर आणि माळेगाव, दोन्ही कारखान्यांचे बारा महिने आमच्या रस्त्याला माहीत आहेत. हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर. बुवांचा शेवटचा अभंग हळू आवाजात सुरू होता आणि लांबून धम धम येऊ लागलं. जवळ आल्यावर ओळखलं: माझाच मिक्स, तीन-चार वर्षांपूर्वीचा, एफएलमधला. बुवा डोळे मिटून गात राहिले. टेक मात्र वाया गेला.

बोटांची सवय हा खरा त्रास. एफएलमध्ये एफ-पाच म्हणजे प्लेलिस्ट, एफ-सात म्हणजे पियानो रोल, एफ-नऊ म्हणजे मिक्सर. हे डोक्यात नसतं, बोटांत असतं. रीपरमध्ये बोट एफ-नऊवर जायचं आणि काही व्हायचंच नाही. सुदैवानं त्यात कुठल्याही किल्लीला कुठलीही आज्ञा देता येते, तेव्हा मी माझ्या जुन्या किल्ल्याच त्याला शिकवल्या. आणखी एक गोष्ट मला त्यात फार आवडली. रीपरची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडली तर कोणता आवाज कुठल्या सेकंदाला सुरू होतो, किती मोठा आहे, हे ओळीओळीनं वाचता येतं. उद्या कंपनी राहिली नाही तरी ते वाचता येईल. एफएलची फाइल तशी वाचता येत नाही.

पियानो रोल मात्र रीपरचा मला आवडला नाही, अजूनही आवडत नाही. नवरदेवाच्या एंट्रीचा ठेका, पॅनेलचं गाणं, गणपतीचा मिक्स, म्हणजे जिथं आख्खं काम पडद्यावरच जन्मतं आणि समोर वाजवणारा माणूस नसतो, तिथं मी एफएलच उघडतो. एफएल विंडोजवर दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या आत प्लगइन म्हणूनही चालतं, तेव्हा कधी कधी रीपरच्या पोटात एफएल बसवूनही काम केलं, पण संगणक धापा टाकतो. कोणी याला धरसोड म्हणेल. पुण्यातल्या एका जाणत्या मिक्सिंग इंजिनिअरनं तसं म्हटलंच, "एक धर आणि त्यातच मुरत जा." त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे, त्याच्याकडे एकाच जातीचं काम येतं. माझ्याकडे सकाळी अभंग आणि दुपारी "ताई, माई, अक्का" येतं.

शिकायला येणाऱ्या पोराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याच्या लॅपटॉपवर एफएल, त्याच्या मित्रांकडे एफएल, तो मोबाइलवर शिकतो ते सगळे व्हिडिओ एफएलचे. माझ्या गैरहजेरीत कोणी मंडळ आलं तर तो रीपर उघडून बसत नाही. एफएलमध्ये रेकॉर्ड करतो आणि मला वेव्ह काढून देतो. मी बोललो तर म्हणतो, "दादा, तुम्हीच म्हणला ना, वेव्ह कुठंबी उघडते."

आबांचं जागरणाचं गाणं आम्ही पुन्हा केलं, या वेळी अख्खं, न कापता. ते ऐकायला आले तेव्हा मी लयीबद्दल काही म्हणतील म्हणून बघत होतो. लयीचं त्यांनी नावच काढलं नाही. तुणतुणं बारीक येतंय, भाच्यानं काय हात हलवायला आणलाय का, असं म्हणाले. तुणतुणं वाढवलं तर ते गाणाऱ्या मुरळीच्या आवाजावर चढतं, कमी केलं तर आबा ऐकत नाहीत. भाचा पुढच्या आठवड्यात जेजुरीहून परत आला की तुणतुण्याला वेगळा माइक लावून तेवढं परत घ्यायचंय.